विश्वाचा फुगवटा आणि स्ट्रिंग थिअरी : मुलांना काय सांगायचं, किती सांगायचं?



सूर्यमालेचा पाठ शिकवून झाला की एक प्रश्न हमखास येतो. "सूर्याच्या आधी काय होतं?" त्याचं उत्तर दिलं की लगेच पुढचा, "आणि त्याच्या आधी?" अशा दोन-तीन पायऱ्या चढलो की आपण बिग बँगपाशी येऊन थांबतो. आणि मग तास संपल्याची घंटा वाजली तर बरं, असं आपल्यालाच वाटू लागतं.

आता तर मुलं घरी मोबाईलवर व्हिडिओ बघून येतात. "विश्वाला दहा मिती आहेत", "स्ट्रिंग थिअरीने विश्वाचं रहस्य उलगडलं" अशी वाक्यं तिसरी-चौथीतली मुलंही बोलून दाखवतात. पालक विचारतात, हे खरं आहे का? यावर "हो" म्हटलं तर चूक होतं आणि "सगळं खोटं आहे" म्हटलं तरी चूकच होतं. म्हणून हा विषय जरा शांतपणे समजून घेऊया.

त्यासाठी आपल्या वर्गातल्याच तीन वस्तू घेऊ. पाटी, कच्ची वही आणि पक्की वही. पक्क्या वहीत तपासून झालेलं उत्तर लिहितात. कच्च्या वहीत गणित मांडलेलं असतं, बरंचसं जमलेलंही असतं, पण शेवटचा ताळा राहिलेला असतो. पाटीवर मात्र मूल बिनधास्त लिहितं, पुसतं, पुन्हा लिहितं. विश्वाबद्दलची माहितीही या तीन ठिकाणी वाटून ठेवली की गोंधळ होत नाही.

पक्क्या वहीत काय आहे?

पहिली गोष्ट, विश्व पसरत आहे. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत आणि जितकी दीर्घिका दूर तितका तिचा वेग जास्त, हे एडविन हबल यांनी १९२९ मध्ये निरीक्षणांवरून मांडलं. आज पसरत असेल तर पूर्वी सगळं जवळजवळ असणार, दाट आणि तापलेलं असणार. हा विचार मागे मागे नेला की विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं येतं.

दुसरी गोष्ट, त्या तापलेल्या काळाची ऊब अजून शिल्लक आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी इथे अर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन हे दोघे एक मोठा रेडिओ अँटेना वापरत होते. अँटेना कुठेही वळवला तरी सारखीच बारीक खरखर ऐकू येत होती. अँटेनात कबुतरांनी घरटं केलं होतं, तेही साफ करून झालं. खरखर गेली नाही. ती आकाशातून, सर्व दिशांनी येत होती. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना मोकळा झालेला तो प्रकाश होता. आज तो ताणला जाऊन सूक्ष्मलहरींच्या रूपात येतो. त्याला वैश्विक पार्श्वप्रारण म्हणतात. या शोधासाठी दोघांना १९७८ चं नोबेल मिळालं. जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर चॅनल नसताना ज्या ‘मुंग्या’ दिसायच्या, त्यांतला अगदी थोडा भाग याच प्रारणाचा असायचा.

हे सगळं पक्क्या वहीतलं आहे. मुलांना निःशंकपणे सांगावं.

दोन शाळांच्या उत्तरपत्रिका

आता कोडं सुरू होतं. या पार्श्वप्रारणाचं तापमान मोजलं तर उणे २७० अंश सेल्सिअसच्या जवळपास येतं. आणि आकाशात कुठेही मोजा, ते जवळजवळ तंतोतंत सारखं भरतं. फरक पडतो तो एक लाखात एक इतकाच. म्हणजे एक किलोमीटर खोल तळं घ्या आणि त्याच्या पृष्ठभागावर एक सेंटीमीटरची लाट कल्पा, इतका.

यात नवल काय, असं वाटेल. आपण शिक्षक आहोत, तर उत्तरपत्रिकांचं उदाहरण घेऊ. दोन वेगळ्या जिल्ह्यांतल्या दोन शाळा. मुलांची कधी भेट नाही, फोन नाही. तरीही निबंधाच्या सगळ्या उत्तरपत्रिका शब्दशः सारख्या निघाल्या, तर आपण काय म्हणू? ही मुलं आधी कुठेतरी एकत्र बसली असणार.

आकाशाचंही तसंच आहे. आपल्या एका बाजूच्या टोकाकडून निघालेला प्रकाश १३८० कोटी वर्षं प्रवास करून आत्ता कुठे आपल्यापर्यंत पोहोचतोय. विरुद्ध बाजूचाही तसाच. मग ही दोन टोकं एकमेकांना कधी भेटली? त्यांच्यात उष्णतेची देवाणघेवाण व्हायला वेळच मिळालेला नाही. प्रकाशापेक्षा वेगाने निरोप जाऊ शकत नाही. तरी दोघांचं तापमान एकच!

दुसरं कोडं भूमितीचं आहे. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, हे आपण सपाट कागदावर शिकवतो. पृथ्वीच्या गोल्यावर मोठा त्रिकोण काढला तर बेरीज १८० पेक्षा जास्त येते. विश्वाएवढा त्रिकोण घेतला तर काय येईल? पार्श्वप्रारणाच्या मोजमापांवरून तो जवळजवळ सपाट कागदासारखाच आहे, फरक असला तर एका टक्क्याहूनही कमी. इतकं नेमकं सपाट का, याचं उत्तर साध्या बिग बँगच्या गणितात मिळत नाही.

गुथ यांची कल्पना

डिसेंबर १९७९ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत काम करणारे तरुण शास्त्रज्ञ ॲलन गुथ यांना एक कल्पना सुचली. १९८१ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. रशियात अलेक्सी स्टारोबिन्स्की यांनी १९८० मध्येच वेगळ्या वाटेने असाच विचार मांडला होता. कल्पना अशी, की अगदी सुरुवातीला, एका सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात, विश्व अचाट वेगाने फुगलं. याला इन्फ्लेशन म्हणतात. अर्थशास्त्रात आपण महागाईसाठी चलनफुगवटा म्हणतो, तोच इंग्रजी शब्द इथेही आहे. म्हणून आपण याला विश्वाचा फुगवटा म्हणू.

किती फुगलं? निदान एकावर २६ शून्य इतक्या पटीने. एक मिलिमीटरच्या मोहरीच्या दाण्याला या आकड्याने गुणलं तर सुमारे १ कोटी प्रकाशवर्षं लांबी येते.

मुलांना हे समजावण्यासाठी कागद घ्या. घडी घाला, पुन्हा घडी घाला. सहा-सात घड्यांनंतर हात थकतात. पण गणितात थांबायचं कारण नाही. कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर धरली आणि ४२ वेळा दुप्पट केली तर थर चंद्रापलीकडे जातो. दुपटीची ताकद ही अशी. विश्वाच्या फुगवट्याला अशा साधारण ८६-८७ दुपटी पुरतात. सहावी-सातवीच्या घातांकाच्या पाठाला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

आता दोन्ही कोडी सुटतात. आज आकाशाच्या दोन टोकांना असलेले भाग फुगवट्याआधी अगदी शेजारी होते, म्हणजे मुलं एकाच बाकावर बसली होती. तापमान तेव्हाच सारखं झालं, मग फुगवट्याने त्यांना लांब नेलं. आणि फुगा प्रचंड मोठा झाला की त्याचा छोटा तुकडा सपाटच दिसणार. शेतात उभं राहिलं की पृथ्वी सपाट वाटते, तसंच.

प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही, मग विश्व कसं फुगलं, असा प्रश्न हुशार मुलं विचारतातच. उत्तर असं आहे, की नियम अवकाशातून धावणाऱ्या वस्तूंसाठी आहे. इथे अवकाशच ताणलं गेलं.

गच्चीचा उतार

पण फुगवलं कोणी? शास्त्रज्ञ म्हणतात, सगळीकडे पसरलेलं एक क्षेत्र असावं. चुंबकाभोवती चुंबकीय क्षेत्र असतं, तसं काहीसं. या क्षेत्राला इन्फ्लाटॉन असं नाव दिलंय. त्यात साठलेली ऊर्जा अवकाशाला ताणते.

आपल्या गच्चीचा विचार करा. ती सपाट दिसते, पण गवंड्याने पावसाच्या पाण्यासाठी हलका उतार ठेवलेला असतो. त्यावर गोटी ठेवली तर ती हळूहळू सरकत कोपऱ्यातल्या पन्हाळीपर्यंत जाते आणि तिथे धपकन खाली पडते. क्षेत्राची ऊर्जा अशीच हळूहळू उतरत होती. जोवर गोटी गच्चीवर सरकतेय तोवर फुगवटा चालू. ती पन्हाळीत पडली की फुगवटा संपतो, उरलेली ऊर्जा तापलेल्या कणांमध्ये बदलते आणि तिथून आपला नेहमीचा तापलेला बिग बँग सुरू होतो. गुथ यांच्या पहिल्या मांडणीत फुगवटा नीट संपत नव्हता. हळू उताराची दुरुस्ती १९८२ मध्ये आंद्रेई लिंडे यांनी, आणि स्वतंत्रपणे अँड्रियास अल्ब्रेक्ट व पॉल स्टाइनहार्ट यांनी केली.

या कल्पनेतून आणखी एक सुंदर गोष्ट निघते. अतिसूक्ष्म पातळीवर कोणतंही क्षेत्र पूर्ण शांत नसतं, थरथरत असतं. ही थरथर फुगवट्यात ताणली गेली आणि कुठे पदार्थ किंचित जास्त, कुठे किंचित कमी झाला. जिथे जास्त तिथे गुरुत्वाकर्षणाने आणखी गोळा झाला आणि पुढे दीर्घिका बनल्या. वर म्हटलेला एक लाखात एक फरक म्हणजे त्याच बिया. कोबे उपग्रहाने १९९२ मध्ये त्या प्रथम टिपल्या, पुढे प्लँक उपग्रहाने फार बारकाईने मोजल्या. लहान आणि मोठ्या लाटांमध्ये जो अगदी हलका फरक असावा असं फुगवट्याचं गणित सांगतं, तसाच फरक मोजमापात दिसतो.

म्हणून फुगवटा कच्च्या वहीत चांगल्या अक्षरात लिहिलेला आहे. पण ताळा अजून पुरा नाही. ज्यांनी ही कल्पना घडवायला हातभार लावला, ते स्टाइनहार्टच पुढे तिचे कडक टीकाकार झाले. २०१७ मध्ये त्यांच्या टीकेला गुथ, लिंडे यांच्यासह ३३ शास्त्रज्ञांनी सही करून उत्तर दिलं. विज्ञानात भांडण असं उघड्यावर, कारणं देऊन होतं, हेही मुलांना सांगण्यासारखं आहे.

मग स्ट्रिंग थिअरी कुठून आली?

आता मूळ विषयाकडे येऊ. गच्चीला हलका उतार होता, असं आपण म्हटलं. पण तो उतार कोणी ठेवला? ती गोटी म्हणजे नेमकं काय? फुगवट्याचा सिद्धांत याचं उत्तर देत नाही. "असं एक क्षेत्र होतं समजा", इथूनच तो सुरू होतो.

शिवाय त्या वेळी ऊर्जा इतकी प्रचंड असावी की गुरुत्वाकर्षण आणि अतिसूक्ष्म कणांचे नियम दोन्ही एकत्र लागतात. आपल्याकडे दोन्हींचे उत्तम नियम आहेत, पण ते एकत्र मांडले की गणित फिसकटतं. दोघांची सांगड घालण्याचा एक मोठा प्रयत्न म्हणजे स्ट्रिंग थिअरी. ती म्हणते, की कण म्हणजे ठिपका नसून अतिसूक्ष्म तंतू आहे. तंबोऱ्याची तार वेगवेगळी छेडली की वेगळा स्वर येतो, तसा तंतू वेगवेगळा थरथरला की वेगळा कण दिसतो. त्यांतलं एक कंपन गुरुत्वाकर्षणाचा कण म्हणून आपोआप येतं, हे या सिद्धांताचं मोठं आकर्षण.

पण अट अशी, की हे गणित अवकाशाच्या नऊ मिती आणि काळाची एक, अशा दहा मितींमध्येच जुळतं. आपल्याला तर लांबी, रुंदी, उंची एवढंच दिसतं. मग बाकीच्या सहा कुठे आहेत? त्या अतिशय बारीक गुंडाळलेल्या आहेत, असं मानतात. कपडे वाळत घालायची दोरी लांबून एक रेघ दिसते. पण तिच्यावरच्या मुंगीला दोरीभोवती गोल फिरताही येतं. आपल्याला ती गोल मिती दिसत नाही, इतकंच. या सहा मिती प्रत्यक्ष पाहिल्याचा एकही पुरावा आज नाही. म्हणून हे सगळं पाटीवर.

मांडव आणि त्याच्या दोऱ्या

या गुंडाळलेल्या मितींची एक अडचण आहे. त्यांचा आकार कमी-जास्त होऊ शकतो. मांडव घातला आणि दोऱ्या ताणून खुंट्यांना बांधल्या नाहीत तर काय होईल? वाऱ्याने कापड उडून जाईल. तशा या मिती बांधल्या नाहीत तर त्या उलगडतील आणि आपल्या जगाचे नियमच बदलतील.

त्या कशा बांधता येतील, याची एक प्रसिद्ध रीत २००३ मध्ये चार शास्त्रज्ञांनी मांडली. शमित काचरू, रेनाटा कॅलोश, आंद्रेई लिंडे आणि संदीप त्रिवेदी. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती केकेएलटी म्हणून ओळखली जाते. यातले त्रिवेदी आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. कुलाब्याच्या समुद्राकाठी बसून केलेलं गणित जगभर चर्चिलं जातं, हे मुलांना आवर्जून सांगा.

त्याच वर्षी या चौघांनी हुआन माल्दासेना आणि लियाम मॅकॲलिस्टर यांच्यासोबत पुढचा प्रश्न घेतला. मिती बांधल्यावर फुगवटा होऊ शकतो का? त्यांनी वापरलेली कल्पना गिया द्वाली आणि हेन्री टाय यांनी १९९८ मध्ये मांडली होती. स्ट्रिंग थिअरीत तंतूंबरोबर पडद्यासारख्या वस्तूही असतात, त्यांना ब्रेन म्हणतात. एक ब्रेन आणि त्याचा विरुद्ध जोडीदार एकमेकांकडे ओढले जातात. त्यांच्यातलं अंतर हीच आपली गच्चीवरची गोटी. अंतर हळूहळू कमी होत असताना विश्व फुगतं. दोघे आदळले की फुगवटा संपतो आणि सगळी ऊर्जा तापलेल्या कणांत जाते. ओढ फार जोराची होऊ नये म्हणून विरुद्ध जोडीदार एका नरसाळ्यासारख्या वाकलेल्या भागाच्या तळाशी ठेवला आहे.

चित्र छान आहे. पण याच सहा जणांनी प्रामाणिकपणे दाखवून दिलं, की मिती बांधणाऱ्या दोऱ्याच गच्चीचा उतार बिघडवतात. गच्चीवर मांडवाच्या खुंट्या ठोकल्या की फरशी उचलली जावी आणि गोटी भलतीकडे घरंगळावी, तसं. वेगवेगळे घटक अगदी बारकाईने जुळवले तरच उतार पुन्हा हलका होतो. स्वतःच्याच कल्पनेतली अडचण शोधनिबंधात स्पष्ट लिहिणं, हा या गोष्टीतला मला सर्वात आवडणारा भाग.

पाण्याच्या टाकीचा गोल जिना

दुसरी कल्पना २००८ मध्ये आली. इव्हा सिल्व्हरस्टीन, अलेक्झांडर वेस्टफाल आणि लियाम मॅकॲलिस्टर यांची. प्रश्न असा होता, की फुगवट्यासाठी कधीकधी खूप लांब उतार हवा असतो, पण गुंडाळलेल्या मितींमध्ये वाट गोल असते. थोडं चाललं की आपण पुन्हा पहिल्या जागी.

गावातल्या पाण्याच्या टाकीचा गोल जिना आठवा. एक फेरी मारली की आपण त्याच खांबापाशी येतो, पण एक मजला खाली. म्हणजे जागा लहान असूनही उतार लांबच लांब. या मॉडेलमध्ये क्षेत्र असंच फेऱ्या मारत ऊर्जा उतरवत जातं. याचं नाव ॲक्सिऑन मोनोड्रोमी. नाव मुलांना सांगायची गरज नाही, जिना पुरे.

दक्षिण ध्रुवावरची परीक्षा

पाटीवरचं बरोबर की चूक, हे ठरवायचं कसं? फुगवट्याच्या वेळी अवकाश स्वतःही थरथरलं असेल, तर त्यातून गुरुत्वीय लहरी निघाल्या असतील. त्यांचा ठसा पार्श्वप्रारणाच्या ध्रुवीकरणात, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेत, भोवऱ्यासारख्या नक्षीच्या रूपात उमटायला हवा. हा ठसा किती ठळक, हे ‘आर’ नावाच्या एका आकड्याने सांगतात. उतार लांब असेल तर आर मोठा, उतार छोटा असेल तर आर फार लहान. गोल जिन्याच्या एका साध्या रूपात आर सुमारे ०.०७ येतो. दोन ब्रेनच्या मॉडेलमध्ये तो इतका नगण्य असतो की मोजताही येऊ नये.

म्हणजे इथे परीक्षा घेता येते! दक्षिण ध्रुवावर हवा अतिशय कोरडी असते, म्हणून तिथे बायसेप नावाच्या दुर्बिणी बसवल्या आहेत. १७ मार्च २०१४ रोजी बायसेप-२ च्या गटाने जाहीर केलं, की नक्षी सापडली, आर सुमारे ०.२. जगभर आनंद झाला. लिंडे आणि कॅलोश हे पती-पत्नी आहेत. त्यांच्या घरी जाऊन एका सहकाऱ्याने ही बातमी दिली, तो व्हिडिओ लाखोंनी पाहिला.

पण मग तपासणी सुरू झाली. आपल्याच आकाशगंगेतली धूळसुद्धा तशी नक्षी उमटवू शकते. प्लँक उपग्रहाने या धुळीची मोजमापं दिली. २०१५ च्या सुरुवातीला दोन्ही गटांनी एकत्र बसून माहिती ताडून पाहिली, तेव्हा ठरलं, की दिसलेल्या नक्षीचा मोठा भाग धुळीचा होता. दावा मागे पडला.

काम थांबलं नाही. त्याच ठिकाणच्या सुधारित दुर्बिणींनी २०२१ मध्ये सांगितलं, की आर असलाच तर ०.०३६ पेक्षा कमी असायला हवा. या एका आकड्याने काय काय पुसलं गेलं पाहा. लिंडे यांचं १९८३ चं सर्वात साधं मॉडेल बाद झालं. गोल जिन्याचं ०.०७ वालं रूपही बाद झालं. स्टारोबिन्स्की यांचं १९८० चं मॉडेल, ज्यात आर फार लहान येतो, ते अजून टिकून आहे. ब्रेनचं मॉडेलही आरच्या कसोटीवर टिकतं, पण लक्षात घ्या, "टिकलं" म्हणजे "सिद्ध झालं" नव्हे. मूल परीक्षेला बसलंच नाही तर ते नापास होत नाही, तसं काहीसं ते आहे.

मग स्ट्रिंग थिअरी खरी की खोटी?

इथे नीट वेगळं करायला हवं. स्ट्रिंग थिअरीवर आधारलेलं एखादं नेमकं मॉडेल तपासता येतं आणि बादही होतं, हे आपण पाहिलं. पण एक मॉडेल बाद झालं म्हणून अख्खी स्ट्रिंग थिअरी बाद होत नाही, कारण सहा मिती गुंडाळायच्या रीती अफाट आहेत. एकावर ५०० शून्य, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. टीकाकारांचा आक्षेप नेमका हाच आहे. इतके पर्याय असतील तर एक पुसलं की दुसरं लिहिता येतं, मग सिद्धांत चुकला असं कधी म्हणायचं?

यावर स्ट्रिंग थिअरीतलेच काही जण उलट बाजूने काम करत आहेत. कुमरुन वाफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक अंदाज मांडला. तो खरा असेल तर फुगवट्याला लागणारा हलका उतार स्ट्रिंग थिअरीत बसवणं फारच अवघड होईल. केकेएलटीची रीत तरी पूर्ण बरोबर आहे का, यावरही वाद चालू आहे. म्हणजे पाटीवर सध्या दोन-तीन हातांनी एकाच वेळी लिहिणं आणि पुसणं चाललंय.

पुढची परीक्षाही ठरलेली आहे. चिलीच्या अटाकामा वाळवंटात सायमन्स वेधशाळा काम करते आहे, आणि जपानच्या पुढाकाराने लाइटबर्ड उपग्रहाची आखणी चालू आहे. आर आणखी बारकाईने मोजला जाईल.

वर्गात आणि घरी कसं सांगाल?

तिसरी-चौथीच्या मुलांना एवढंच पुरे : विश्व पूर्वी लहान, दाट आणि गरम होतं, ते पसरत गेलं, अजून पसरतंय. अर्धवट फुगवलेल्या फुग्यावर पेनाने ठिपके काढा आणि फुगा आणखी फुगवा. ठिपके एकमेकांपासून दूर जातात. फक्त एक सांगायला विसरू नका. विश्व म्हणजे फुग्याची वरची कातडी समजायची, आतली हवा नव्हे. नाहीतर मुलं "विश्वाचा मध्य कुठे?" या प्रश्नात अडकतात.

पाचवी ते सातवीत कागदाच्या घड्या, त्रिकोणाचे कोन आणि दोन शाळांच्या उत्तरपत्रिका घ्या. फुगवट्याची कल्पना सांगा आणि सोबत सांगा, की ही कच्च्या वहीतली आहे.

स्ट्रिंग थिअरीबद्दल मुलाने विचारलंच, तर टाळू नका. दोरीवरची मुंगी दाखवा आणि म्हणा, "ही शास्त्रज्ञांनी पाटीवर लिहिलेली कल्पना आहे. गणित सुंदर आहे, पुरावा अजून नाही." मग मुलालाच विचारा, "पुरावा मिळवायचा तर तू काय शोधशील?" हा प्रश्न तयार उत्तरापेक्षा जास्त शिकवतो.

पालकांनो, मुलाबरोबर एखादा व्हिडिओ बघताना हा एक खेळ खेळा. प्रत्येक वाक्यानंतर थांबा आणि ठरवा : पाटी, कच्ची वही की पक्की वही? "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं वाक्य पुष्कळदा पाटीवरचं निघतं.

शेवटी जयंत नारळीकर सरांची आठवण करून देते. त्यांनी फ्रेड हॉयल यांच्यासोबत स्थिर स्थिती सिद्धांताची बाजू मांडली आणि बहुतेक सगळे बिग बँग मान्य करत असतानाही ते त्याबद्दल प्रश्न विचारत राहिले. त्यांचा पर्याय बहुतेक शास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही. तरी पुण्यात आयुका उभी करणारे आणि मराठी मुलांसाठी विज्ञानकथा लिहिणारे नारळीकर सर आपल्याला आदरणीयच आहेत. आपलं मत पुराव्याच्या कसोटीवर ठेवायला तयार असणं, यालाच वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणतात. आपल्या अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत हे शब्द दरवर्षी छापलेले असतात. "त्याच्या आधी काय होतं?" असं विचारणारं मूल ते शब्द आपल्याकडून वापरून घेत असतं.

तेव्हा पुढच्या वेळी हा प्रश्न आला तर घंटेची वाट पाहू नका. जेवढं पक्कं आहे तेवढं पक्कं सांगा, आणि उरलेल्यासाठी पाटी मुलाच्या हातात द्या.

तुमच्या वर्गात मुलांनी यावर कोणते प्रश्न विचारले, ते मला नक्की कळवा.